पुणे लोकसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत मास्तरकी करता करता मी अनेक वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं. हातात यादी, खांद्याला शबनम, आणि दुपारी दोन वाजता कोणाच्या तरी दाराची बेल. (पुण्यात दुपारी दोनला बेल वाजवण्याचे परिणाम पुणेकरांना सांगायला नकोत.) दारात उभं राहून लोक जे विचारायचे, तेच आता निवृत्तीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर विचारतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

मी पुण्यात राहतो, म्हणजे माझा मतदारसंघ पुणे लोकसभाच ना?

असेलच असं नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पुणे जिल्ह्यात लोकसभेच्या चार जागा आहेत: पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ. महापालिकेची हद्द आणि 'पुणे' नावाचा मतदारसंघ यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हडपसर, मगरपट्टा, कोंढवा इथले लोक शिरूरचा खासदार निवडतात. वारजे, धायरी हा सगळा पट्टा खडकवासला विधानसभेत, आणि खडकवासला बारामतीत. पिंपरी आणि चिंचवड मावळात. मावळचा मतदारसंघ घाट उतरून थेट पनवेल-उरणपर्यंत जातो. भोसरी पुन्हा शिरूरमध्ये.

हिंजवडीची गंमत तर वेगळीच. भोर विधानसभेमार्फत हिंजवडी बारामतीत येते. म्हणजे बाणेरचा मुलगा सकाळी पुणे मतदारसंघातून निघतो, बारामती मतदारसंघातल्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकतो, आणि संध्याकाळी परत येऊन पुण्याच्या खासदाराला शिव्या देतो. खासदाराने कुठल्या तोंडाने उत्तर द्यायचं?

मग पुणे लोकसभेत नेमकं काय येतं?

सहा विधानसभा मतदारसंघ: कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कँटोन्मेंट (अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि वडगाव शेरी. बाणेर-बालेवाडी कोथरूडमध्ये, औंध, बोपोडी, खडकी शिवाजीनगरमध्ये, बिबवेवाडी, सहकारनगर, मार्केट यार्ड पर्वतीत, कोरेगाव पार्क, ताडीवाला रोड कँटोन्मेंटमध्ये, येरवडा, विमाननगर, खराडी, धानोरी वडगाव शेरीत. कोपऱ्यावरच्या सोसायट्यांनी मात्र माझ्यावर विश्वास ठेवू नये. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघा किंवा १९५० या क्रमांकावर फोन करा. रस्त्याची एक बाजू एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे, असं होतं.

या सीमा कोणी आखल्या? परत बदलणार का?

आताच्या सीमा २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेतल्या. त्या २००१ च्या जनगणनेवरून ठरल्या आणि २००९ पासून लागू झाल्या. तेव्हा 'बोपोडी' आणि 'भवानी पेठ' हे विधानसभा मतदारसंघ गेले, 'कोथरूड' आणि 'वडगाव शेरी' नव्याने आले. शहर कुठून कुठे सरकलं, ते या दोन ओळींतच आलं.

आखताना सहाही तुकडे साधारण सारखे धरले होते. २०२४ च्या यादीत वडगाव शेरीत साडेचार लाखांहून जास्त मतदार होते, कोथरूडमध्ये चार लाखांवर, तर कसबा, शिवाजीनगर आणि कँटोन्मेंट प्रत्येकी पावणेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे आमदार निवडताना कसब्यातल्या एका मताचं वजन खराडीतल्या मताच्या दीडपटीहून अधिक. कोणी कपट केलेलं नाही. रेषा जागेवर थांबली आणि माणसं पुढे गेली. लोकसभेच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत, त्यामुळे नवी आखणी त्यानंतरच.

आतापर्यंत पुण्याचे खासदार कोण कोण झाले?

हा प्रश्न बहुधा स्पर्धा परीक्षावाले विचारतात, पण यात पुण्याचा स्वभाव दिसतो म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या निवडणुकीत पुण्याच्या दोन जागा होत्या. पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ, पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव, दोघंही काँग्रेसचे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राची लाट आली आणि केंद्रात मंत्री राहिलेल्या काकासाहेबांना प्रजा समाजवादी पक्षाच्या नानासाहेब गोऱ्यांनी हरवलं. १९६२ ला काँग्रेसचे शंकरराव मोरे, तेच शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९६७ ला एस. एम. जोशी. नव्या पेठेतून गरवारे कॉलेजकडे जाताना ज्या पुलावरून तुम्ही रोज जाता, तो त्यांच्याच नावाचा.

१९७१ ला मोहन धारिया काँग्रेसकडून निवडून आले आणि १९७७ ला तेच धारिया जनता पक्षाकडून. मधल्या काळात इंदिरा गांधींशी मतभेद होऊन त्यांचं मंत्रिपद गेलं होतं. पुणेकरांनी तिकीट बदललं तरी माणूस तोच ठेवला. १९८०, ८४, ८९ अशा तीन वेळा काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ. १९९१ ला अण्णा जोशींनी त्यांना हरवून भाजपला पुण्याची जागा पहिल्यांदा मिळवून दिली.

पुढची दहा वर्षं संगीत खुर्ची. १९९६ ला काँग्रेसचे सुरेश कलमाडी. १९९८ ला कलमाडी काँग्रेसबाहेर पडून शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपे यांनी त्यांना पाडलं. १९९९ ला भाजपचे प्रदीप रावत. २००४ आणि २००९ ला पुन्हा कलमाडी, पुन्हा काँग्रेसमध्ये. २०१४ पासून भाजप: अनिल शिरोळे, २०१९ ला गिरीश बापट, २०२४ ला मुरलीधर मोहोळ. शिरोळे आणि बापट तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले होते. मोहोळांची आघाडी १,२३,०३८ ची.

ज्यांना 'पुणे म्हणजे अमुक पक्षाचा बालेकिल्ला' म्हणायची घाई असते, त्यांनी ही यादी एकदा वरून खाली वाचावी.

पेठांमधली जुनी कुटुंबं गेली कुठे?

माझ्या घरापुरतं सांगतो. आजोबांचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आजी सांगायची, पाणी ओसरल्यावर घरात चिखल होता आणि चिखलात शेजाऱ्यांचा पाटा होता. आमचा पाटा कुठे गेला कोण जाणे. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी सहकारनगरला गेलो. नातेवाइकांना ते गावाबाहेर वाटायचं. 'एवढ्या लांब?' म्हणत ते सणावारालाच यायचे.

पुढची मोठी पांगापांग सत्तर-ऐंशीच्या दशकांत झाली. भाडं नाममात्र, म्हणून मालक वाडा दुरुस्त करेना. खोल्या दोन, माणसं नऊ. मुलगा बँकेत किंवा टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) लागला की कर्ज काढून कोथरूडला वन बीएचके. कोथरूड तेव्हा खरोखरच गाव होतं. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये विधवांसाठीचा आश्रम शेजारच्या हिंगण्याला नेला, तो पुण्यातल्या लोकांना लांब जावा म्हणूनच जणू. त्याच हिंगण्याचं पुढे कर्वेनगर झालं. सदाशिव-नारायण पेठ जवळजवळ आख्खी उचलून कोथरूडला ठेवली असं म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फार नाही. बरोबर मतंही गेली. पेठेत असताना ही कुटुंबं ज्यांना मत देत, त्यांनाच ती कोथरूडमध्येही देत राहिली. २०२४ च्या लोकसभेत भाजपची सगळ्यात मोठी आघाडी कोथरूडची होती.

तिसरी पिढी आता बालेवाडीत, खराडीत, नाहीतर न्यू जर्सीत. माझी मुलगी खराडीला असते. तिथून शनिवार पेठेत गणपती बघायला यायचं तर ती आदल्या दिवशी नियोजन करते.

मग पेठांत आता कोण राहतं?

पेठ म्हणजे फक्त वाडे आणि पाट्या, हा समज आधी सोडा. कसबा विधानसभेत कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, मोमीनपुरा आणि लोहियानगर आहे. गंज पेठेत जोतीराव-सावित्रीबाईंचा वाडा आहे, आणि ती पेठच आज महात्मा फुल्यांच्या नावाची आहे. रविवार पेठेत बोहरी आळी, मारवाडी आणि गुजराती पेढ्या. हे सगळे काल-परवा आलेले नाहीत. कित्येकांची सहावी-सातवी पिढी इथे नांदते आहे.

नवीन आलेले म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुलं. सदाशिव, नवी आणि शनिवार पेठेत वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या. मुलं लातूर, बीड, परभणी, बुलढाणा, जळगावकडची. शेतकऱ्यांच्या घरची बरीच. ज्या खोलीत एकेकाळी एका कारकुनाचा संसार होता, तिथे आता सहा कॉट, सहा ट्रंका आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर ही मुलं हजारोंनी उतरली, तेव्हा कुठे शहराला कळलं की आपल्या मधोमध एवढी माणसं राहतात. यातल्या बहुतेकांची नावं गावाकडच्या यादीत. दिवस-रात्र राहायचं कसब्यात आणि मत गेवराईत. त्यामुळे नगरसेवकापासून खासदारापर्यंत कोणालाच त्यांची फिकीर करायचं कारण नसतं.

फेब्रुवारी २०२३ ची कसब्याची पोटनिवडणूक आठवते का? भाजपच्या आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनाने जागा रिकामी झाली होती. बापट तिथून १९९५ पासून सलग पाच वेळा आमदार होते, आणि तिथे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले. 'कसबा बदलला' म्हणून अग्रलेख झाले. पुढच्या वर्षी लोकसभेला तेच धंगेकर कसब्यातच मागे पडले, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत भाजपच्या हेमंत रासने यांनी त्यांना हरवलं. कसबा बदलला हे खरंच, पण एका निकालावरून नाही. तो तीस-चाळीस वर्षं हळूहळू बदलतो आहे.

कँटोन्मेंटची जागा राखीव कशी काय? 'कँप' म्हणजे तर श्रीमंतांचा भाग.

कँप म्हणजे फक्त महात्मा गांधी रोड नव्हे. या मतदारसंघात ताडीवाला रोड आहे, कासेवाडी आहे, भवानी पेठेचा भाग आहे. राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात. २००८ पूर्वी शहरातली राखीव जागा पर्वतीची होती.

पर्वती आणि राखीव जागा, दोन्हींना इतिहास आहे. पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ मध्ये सत्याग्रह झाला. त्यात शिवराम जानबा कांबळे होते, तरुण एस. एम. जोशी होते, आणि सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगड घातले. राखीव जागांची आजची पद्धत, म्हणजे उमेदवार राखीव पण मतदार सगळे, तिचं मूळही इथलंच. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झाला. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ (ज्यात फक्त दलितच मत देतील असे) सोडले ते त्या भिंतींच्या आत. तो तुरुंग आज वडगाव शेरी विधानसभेत येतो. पुनर्रचनेच्या नकाशावर या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून सांगितल्या.

कँपातले ज्यू, पारशी, तमिळ वगैरे समाज आता किती उरलेत?

आकडे विचारू नका. मतदारयादीत जातीचा, धर्माचा, मातृभाषेचा रकाना नसतो. माणसं भेटतात तेवढी सांगतो.

१८१७ ला खडकीच्या लढाईत पेशवाई हरली आणि लगोलग इथे इंग्रजांची छावणी पडली. छावणीला लागतात ते सगळे आले: कंत्राटदार, खाटीक, शिंपी, बेकरीवाले, आया, खानसामे, धोबी. पारशी आणि बोहरी व्यापारी आले. तमिळ-तेलुगू कुटुंबं पलटणींबरोबर आली. खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, त्याच्या आसपास कामगार वस्ती वाढली. बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालय आणि कँपातलं लाल विटांचं सिनेगॉग उभं राहिलं. त्या सिनेगॉगला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. सिनेगॉगला देऊळ म्हणणारं दुसरं शहर असेल तर मला दाखवा. रास्ता पेठेत बेने इस्रायलींचं आणखी एक सिनेगॉग आहे. बेने इस्रायली मूळचे कोकणातले तेली, घरात मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून 'शनिवार तेली'. त्यातली पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली. यादी तपासताना मला एका जिन्यावर एक आजी भेटल्या होत्या. भाऊ-बहिणी सगळे तिकडे. 'मी नाही गेले, मला तिथली हवा मानवली नसती,' म्हणाल्या, आणि ओळखपत्राबरोबर करंज्यांची बशी पुढे केली.

रास्ता पेठेत तमिळ कुटुंबंही जुनी. सकाळी रांगोळीऐवजी कोलम, आणि भांडण मात्र शुद्ध मराठीत. पारशी थोडे उरले, अग्यारीतली ज्योत चालू आहे. मराठी ख्रिस्ती, गोवन, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबंही होती. अँग्लो-इंडियन बरीचशी ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांच्या बंगल्यांच्या जागी आता इमारती आहेत, आणि त्यांत सिंधी, मारवाडी, पंजाबी, मुस्लिम व्यावसायिक.

एक बारकावा. कँटोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत रस्ता, पाणी, कचरा हे महापालिकेचं काम नाही. बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. त्यामुळे इथल्या माणसाला साध्या गटारासाठीही दिल्लीचं दार दिसतं, आणि खासदाराचा उपयोग खऱ्या अर्थाने होतो.

वडगाव शेरीत 'बाहेरचे' फार वाढलेत का?

वाढलेत. पण बाहेरचे म्हणजे कोण? पन्नास वर्षांपूर्वी नगर रोडला शेती होती, गुऱ्हाळं होती. मग कारखाने आले, कामगार आले. मल्याळी आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबांनी वडगाव शेरीत घरं घेतली. लोहगावला हवाई दलाचा तळ, त्यामुळे निवृत्त फौजी विश्रांतवाडी-धानोरीत स्थिरावले. २००० नंतर खराडी आणि विमाननगरमध्ये आयटी. आज लिफ्टमध्ये हिंदी, बंगाली, तेलुगू, ओडिया ऐकू येते. सुरक्षारक्षक बहुधा आसामचा किंवा नेपाळचा. आणि बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिचा मूळ मालक, गावचा पाटील, समोरच्या चौकात गणेश मंडळाचा आधारस्तंभ म्हणून फ्लेक्सवर.

निवडून मात्र बहुतेक वेळा ही गावकी-भावकीच येते. यात आश्चर्य नाही. आयटीतला मुलगा दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतो, त्याचं नाव रांचीत नाहीतर नागपुरात. गावकीतल्या घरात बावीस मतं, आणि बावीसही सकाळी दहाच्या आत पडलेली.

शिवाजीनगर आणि पर्वतीबद्दल कोणी विचारत नाही...

खरंय, म्हणून मीच विचारतो. शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे. मॉडेल कॉलनीत वर्तमानपत्रात पत्र लिहिणारे, आणि चालत दहा मिनिटांवर वडारवाडी; ज्यांनी दगड फोडून हे शहर बांधलं त्यांची वस्ती. पर्वतीत टेकडीच्या उतारावर जनता वसाहत, खाली सहकारनगरचे बंगले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसं अशाच उतारांवर, नाल्यांकडेला येऊन राहिली. त्यांच्यातलेच कोणी मार्केट यार्डात हमाल झाले, बायका धुणंभांडी करू लागल्या किंवा कागद-काच-पत्रा वेचू लागल्या. बाबा आढावांची हमाल पंचायत, ऐंशी सालचा मोलकरणींचा संप, १९९३ ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, ही या मतदारसंघातली मोठी राजकीय कामं. निवडणुकीच्या चर्चेत ती कोणी मोजत नाही. मतदानाच्या रांगेत मात्र ही माणसं सगळ्यात आधी. वस्तीतलं केंद्र सकाळी सातला भरलेलं आणि बंगल्यांतलं अकरापर्यंत रिकामं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मराठी मतदार अल्पसंख्य होतोय, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

त्या मेसेजमधल्या टक्केवाऱ्या आडनावांवरून अंदाजाने काढलेल्या असतात. आडनावावरून काय कळतं? कँपातला पिल्ले माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो. रविवार पेठेतल्या ओसवालांच्या घरात चार पिढ्या पुरणपोळी होते. आणि पुण्यात येणाऱ्यांत मोठा वाटा महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांचा आहे. त्यांची मराठी सदाशिव पेठेला 'गावठी' वाटते, एवढंच. अमुक समाजाचं एकगठ्ठा मतदान वगैरे गोष्टींनाही फार भाव देऊ नका. एका घरात बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे, असं हल्ली सर्रास असतं. लेक फक्त बापाला सांगत नाही.

'मूळ पुणेकर' कोणाला म्हणायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला. माझ्या आजोबांचे आजोबा रत्नागिरीहून आले, हे मी मात्र कोणाला सांगत नाही.

पुण्यात मतदान एवढं कमी का होतं?

२०१९ ला जेमतेम निम्मं झालं, २०२४ ला (मतदान १३ मे ला होतं) साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपास. एकूण मतदार साडेवीस लाखांच्या घरात. उन्हाळा, सुट्ट्या, महाबळेश्वर ही कारणं सगळे देतात, आणि ती खोटी नाहीत. पण याद्यांचं काम केलेला माणूस म्हणून मला वेगळं वाटतं: यादीतली पुष्कळ नावं तिथे राहतच नाहीत. कोणी लग्न होऊन गेलं, कोणी परदेशी, कोणी वारलं, कोणी नवीन घरी नाव नोंदवलं पण जुनं काढलंच नाही. छेद फुगलेला आणि अंश खरा, म्हटल्यावर टक्का पडणारच. पुणेकर आळशी आहेत, हे त्यानंतर.

बापट वारल्यावर पोटनिवडणूक का झाली नाही?

२९ मार्च २०२३ ला त्यांचं निधन झालं. कायद्यानुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर सूट मिळते. इथे वर्षाहून जास्त शिल्लक होती. आयोग इतर निवडणुकांत गुंतल्याचं सांगत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. वीस लाख मतदारांना चौदा महिने खासदार नव्हता. तेव्हा कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही, हेही लिहून ठेवतो.

भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचा करार आहे. इथे नाव नोंदवता येईल?

येईल. स्वतःचं घर असायची अट नाही, तुम्ही तिथे राहता एवढं पुरे. नवीन मतदाराने फॉर्म ६ भरायचा. करारनामा, वीजबिल, बँक पासबुक यातलं काही पत्त्यासाठी चालतं. मालक 'माझ्या पत्त्यावर नाव नको' म्हणतात, कारण नाव लागलं की घर बळकावतील ही जुन्या वाड्यांतली भीती. मतदारयादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यालाही नाव घालता येतं. फुटपाथवर राहणाऱ्यालाही, तिथे बीएलओने रात्री जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं. मी गेलो आहे. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो तिथेच होता, तिसऱ्यांदा त्यानेच मला चहा पाजला.

घर बदललं, पण नाव जुन्याच यादीत आहे. गावाकडे एक आणि इथे एक ठेवलं तर?

दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. गमतीने सुद्धा करू नका. पत्ता बदलायला फॉर्म ८. मतदारसंघातल्या मतदारसंघात गेलात तरी आणि दुसऱ्या जिल्ह्यातून आलात तरी हाच. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता भरा. अठरा पूर्ण होण्यासाठी आता वर्षाला चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

घरातलं माणूस वारलं, तरी नाव यादीत येतंय. काय करायचं?

फॉर्म ७ भरून मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. ऑनलाइनही होतं, बीएलओकडेही देता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायला लोकांचा हात धजत नाही. मी इतक्या घरांतून हे फॉर्म भरून घेतले; आईचा मात्र दीड वर्ष कपाटात पडून होता. अखेर भरला तेव्हा पत्त्याच्या रकान्यात यादीतलाच पत्ता लिहावा लागला. आईने तो कधीच बदलून घेतला नव्हता: शनिवार पेठ, घर क्रमांक अमुक. तिथे आता सहा मजली इमारत आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका.